वाचक विचारतात: काळ्या दगडातले स्फटिक

प्रश्न: विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळीत हिरवट, काचेसारखे स्फटिक निघाले. मातीने माखलेत. अ‍ॅसिडने धुऊ का?

उत्तर: अजिबात नको! वर्णनावरून अपोफिलाइट नावाचं खनिज वाटतं. अ‍ॅसिडने त्याची चमक जाते. शेजारी कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) असेल तर ते फसफसून विरघळतं. साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, मऊ ब्रशने माती काढा, सावलीत वाळवा. गरम पाणी टाळा, स्फटिक आडवे चिरतात.

दख्खनच्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी या पोकळ्या केल्या. पुढे झिरपलेल्या पाण्याने त्यांत स्फटिक भरले. दगड फोडून स्फटिक सुटे करू नका. मूळ खडकासकटच ठेवा.