माइक बंद ठेवलेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वेळी कणव आली, दुसऱ्या वेळी राग आला, आणि हे दोन्ही एकाच उत्तरात मावेल की नाही याची मला खात्री नाही. गेमिंग सोडून द्यावे का, खाते कायमचे काढून टाकावे का, हा तुझा प्रश्न मी बाजूला ठेवतो, कारण तो तू स्वतःला फसवण्यासाठी विचारलेला आहेस. खरा प्रश्न पत्राच्या मध्यावर एका ओळीत दडला आहे: "मी एकही वाईट शब्द बोललो नाही, तरी मला झोप का लागत नाही?"

ऑनलाइन सामन्यातली पाच जणांची टीम, त्यात एक नवी मुलगी. तिने माइकवर शत्रू कोणत्या बाजूने येत आहेत एवढेच सांगितले, आणि आवाज मुलीचा आहे हे कळताच एकाने जे सुरू केले ते सामना संपेपर्यंत चालू राहिले. दुसरा हसत होता, तिसरा गप्प होता आणि चौथा तू. सामना संपल्यावर तू रिपोर्ट केलास, दुसऱ्या दिवशी कारवाई झाल्याची सूचना स्क्रीनवर आली, आणि तू तिला पाठवलेली फ्रेंड रिक्वेस्ट तशीच पडून राहिली. ती तिने का स्वीकारावी? तुझा आवाज तिने ऐकलेलाच नाही. तिच्या लेखी त्या रात्री चार जण होते, आणि त्यांच्यापैकी कुणालाही तिच्याशी काही देणेघेणे नव्हते.

हे टोचावे म्हणूनच लिहिले आहे, कारण असेच एकदा मला टोचले गेले होते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी दर शनिवारी रात्री मी दहा जणांच्या एका टीमबरोबर रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून एका बलाढ्य शत्रूवर करायची चढाई, खेळत असे. आमचा हीलर, म्हणजे सोबत्यांच्या जखमा भरून त्यांना जिवंत ठेवणारा खेळाडू, बोलताना अडखळायचा. पहिले अक्षर तीन-चार वेळा येई आणि मग शब्द. खेळायचा मात्र असा की कुणाची हेल्थ घसरणार हे त्याला ती घसरण्याआधीच कळायचे. अशा एका बलाढ्य शत्रूशी, बॉसशी, आम्ही तीन आठवडे झुंजत होतो आणि त्या रात्री बॉसची दोन टक्के हेल्थ उरलेली असताना सगळे मेलो. जमिनीवर आग पसरू लागताच हीलरने "सरका" म्हणून ओरडण्याचा प्रयत्न केला होता, पण शब्द पुरा होईपर्यंत आग टँकच्या, म्हणजे शत्रूचे घाव स्वतःवर झेलणाऱ्या खेळाडूच्या, पायाखाली पोहोचली होती. त्यानंतर टँकने त्याची नक्कल सुरू केली. "स-स-स", एवढेच, पुन्हा पुन्हा, सगळे जिवंत होऊन परत जमेपर्यंत आणि जमल्यानंतरही. दोघे-तिघे हसले. हीलरच्या नावापुढचे माइकचे चिन्ह एकदा क्षणभर उजळले आणि विझले. त्याने बटण दाबले होते, पण बोलला काहीच नाही.

माझा माइक 'व्ही'चे बटण दाबले की चालू व्हायचा. माझे बोट त्या बटणावर होते, आणि ते तिथेच राहिले. रेड संपल्यावर मी त्याला खासगी मेसेज पाठवला की मनावर घेऊ नकोस, तो असाच आहे. उत्तर आले, "तू तिथेच होतास ना?" पुढच्या शनिवारी तो आला नाही. मित्रांच्या यादीत त्याचे नाव राखाडी झाले, आणि त्याखाली शेवटच्या लॉगिनपासूनचे दिवस दिसायचे त्या जागी हळूहळू महिने आणि मग वर्षे दिसू लागली.

माझ्याकडेही कारणे होती. चांगला टँक सहजासहजी मिळत नाही, आणि तो रुसून गेला असता तर सगळ्यांची तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली असती. टीमचा कप्तान मी नव्हतो. दिवसभर कामावर बोलणी खाऊन आलेल्या माणसाने दोन घटका विरंगुळ्यासाठी बसावे आणि तिथेही न्यायनिवाडा करत बसावे, असा नियम कुणी केला आहे? ही कारणे मी इतकी वर्षे घोटत आलो आहे की आता ती मलाही पटू लागली आहेत, आणि म्हणूनच तुझ्या पत्रात तीच कारणे तुझ्या अक्षरात दिसली तेव्हा मला राग आला. मला फक्त एक वाक्य बोलायचे होते: "नक्कल बंद कर, पुढचा प्रयत्न सुरू करू." हे म्हणायला तीन सेकंदही लागले नसते.

आता तुझ्या झोपेबद्दल. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून हेडफोन आणि मायक्रोफोन दिले आणि एकमेकांशी बोलायला सांगितले. चेहरा कुणालाच कुणाचा दिसत नव्हता. मध्येच एका आवाजाला फिट येऊ लागते आणि तो मदत मागतो. ते ध्वनिमुद्रण होते, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के तो आवाज बंद पडण्याआधीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी तेवढ्या वेळात उठले ३१ टक्के. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती न उठलेल्यांची: संशोधकांना ते निर्विकार आढळले नाहीत, त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम आला होता. ऑनलाइन खेळांच्या कितीतरी आधीचा हा प्रयोग आहे, पण कानाला हेडफोन लावून गप्प बसलेला तो विद्यार्थी मला तुझ्यासारखा आणि माझ्यासारखाच दिसतो. तुला झोप लागत नाही याचा अर्थ तू कोडगा झालेला नाहीस. तेवढ्यावर समाधान मानू नकोस, कारण थरथरणारा हात त्या मुलीला दिसला नाही.

तू लिहितोस की ती नवखी होती, चुकली असेल, म्हणून तो चिडला असेल. हे मात्र मी ऐकून घेणार नाही. 'हेलो ३' या खेळात संशोधकांनी आधी मुद्रित केलेली तीच साधी वाक्ये कधी पुरुषाच्या तर कधी स्त्रीच्या आवाजात ऐकवली, आणि स्त्रीच्या आवाजाला सुमारे तिप्पट वाईट शेरे मिळाले. २०१५ साली त्याच खेळाच्या अशाच नोंदींवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: स्त्रीच्या आवाजावर जास्त तुटून पडणारे पुरुष हे खेळात मागे पडलेले होते, आणि जे चांगले खेळत होते ते तिच्याशी अधिक बऱ्यापैकी वागत होते. त्या रात्रीचा स्कोअरबोर्ड आठव आणि त्याचे नाव कितव्या ओळीवर होते ते मला कळव.

"बाकीचे सगळे माझ्यापेक्षा वरच्या रँकचे होते, माझे कोण ऐकणार?" या तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केविन मंगर या संशोधकाने ट्विटरवर वंशद्वेषी शिवी वापरणाऱ्या गोऱ्या पुरुषांना बनावट खात्यांवरून एका वाक्याची समज दिली. समज देणारे खाते गोऱ्या माणसाचे आणि पुष्कळ फॉलोअर असलेले वाटत असेल तेव्हा त्या शिवीचा वापर ठळकपणे कमी झाला. इतर खात्यांचा तसा प्रभाव पडला नाही. म्हणजे आपल्यातल्या आणि वजनदार माणसाने बोललेले लागते. पण या निष्कर्षाची दुसरी बाजू तू पाहत नाहीस. त्या चौघांत तू 'आपल्यातला' होतास, ती नव्हती. ती स्वतःसाठी जे काही बोलली असती ते भांडण ठरले असते. तू बोलला असतास तर ते टीममधल्याचे बोलणे ठरले असते. राहिले रँकचे, तर तो जो तिसरा गप्प होता तो कशाची वाट पाहत होता असे तुला वाटते? तो तुझी वाट पाहत होता. आमच्या त्या दहा जणांतही माझ्याप्रमाणे बटणावर बोट ठेवून बसलेला आणखी कुणी असणार, आणि तो आजही स्वतःला तीच कारणे देत असणार.

तंत्रज्ञान हे सगळे आपोआप सोडवेल, कृत्रिम बुद्धिमत्ता शिवी ऐकताच माइक बंद करेल, असे तू मोठ्या आशेने लिहिले आहेस. व्हावे तसे, माझी ना नाही. पण माझ्या टँकने एकही शिवी दिली नव्हती. त्याने फक्त 'स' म्हटले होते, आणि त्या 'स'मध्ये काय भरले होते ते ओळखण्यासाठी तिथे असावे लागते. खऱ्या नावाची सक्ती करा, हा दुसरा आवडता उपाय. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पडताळण्याची सक्ती केली, २०११ साली तिथल्या एका मोठ्या सेवेतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ साली घटनात्मक न्यायालयाने ती सक्तीच रद्द केली. २०१० साली ब्लिझार्ड या खेळ बनवणाऱ्या कंपनीने आपल्या चर्चास्थळावर खरी नावे दाखवण्याचे जाहीर केले होते. खेळाडूंनी इतका गदारोळ केला की काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले. खरे नाव दिसले की शिवी देणारा सुधारेलच असे नाही, पण ज्याला शिवी दिली जाते त्याचा पत्ता मात्र सापडतो.

खेळाची रचना बदलून खूप काही साधते, हे मान्य केलेच पाहिजे. 'जर्नी' या २०१२ सालच्या खेळात अनोळखी सोबत्याशी बोलताच येत नाही, फक्त एक सूर काढता येतो, आणि तिथे कुणी कुणाला दुखावल्याचे मी तरी पाहिले नाही. २०१९ साली आलेल्या 'एपेक्स लेजंड्स'मध्ये एका बटणाने शत्रू कुठे आहे हे न बोलता दाखवता येते. ते पहिल्यांदा वापरले तेव्हा मला आमचा हीलर आठवला. "सरका" म्हणण्याऐवजी त्याने एक बटण दाबले असते आणि बॉस पडला असता. मग लगेच स्वतःचीच लाज वाटली. त्याचा आवाज बंद करण्याची सोय मला सुचली, टँकला गप्प करण्याची नव्हे.

आणि हे दुखणे नवे आहे असे समजू नकोस. १९९३ साली लॅम्डामू नावाच्या केवळ अक्षरांनी बनलेल्या आभासी जगात एका खेळाडूने इतरांच्या पात्रांकडून त्यांच्या मर्जीविरुद्ध घाणेरडी कृत्ये 'घडवली'. ती त्या वेळी कशी थांबली, ठाऊक आहे? हजर असलेल्यांपैकी कुणीतरी एका जुन्या, विश्वासू खेळाडूला हाक मारली आणि त्याने येऊन त्या पात्राला पिंजऱ्यात बंद केले. शिक्षा, मतदान, नियमावली हे सारे नंतर आले. आधी कुणीतरी हाक मारली.

आता कसे बोलायचे ते सांगतो, कारण यातही मी तोंड पोळून घेतले आहे. हीलर गेल्यानंतर वर्षभर मी प्रायश्चित्त म्हणून जो दिसेल त्याच्याशी भांडत होतो. एकदा अशाच एका शिवराळ खेळाडूला मी त्याच्याहून वाईट बोललो. पलीकडे एक बारीक आवाज रडू लागला, तो जेमतेम दहा-अकरा वर्षांचा असावा. म्हणून एकच वाक्य, शांत आवाजात, त्याच क्षणी, आणि मग पुन्हा खेळाबद्दल बोलणे. उपदेश नको, टोमणा नको, दुसरे वाक्य नको. तो उलटला तर म्यूट कर आणि पुरावा जपून रिपोर्ट कर. खरे नाव, घर, शाळा यांपैकी काहीही त्याला कळू देऊ नकोस आणि आव्हान तर मुळीच स्वीकारू नकोस. २०१७ साली अमेरिकेतल्या विचिटा शहरात दीड डॉलरच्या पैजेवरून दोन खेळाडूंचे वाजले, खोटी तक्रार करून पोलिसांना एका पत्त्यावर पाठवण्यात आले, आणि त्या खेळाशी काडीचाही संबंध नसलेला माणूस आपल्याच दारात गोळी लागून मेला. भांडण जिंकायचेच, या हट्टाला मी भितो आणि तूही भ्यायला हवेस.

तुझ्या घरचे म्हणतात तसे हे खेळांमुळेच होते का, यावर फार शाई खर्च करणार नाही. बैठकीत एखाद्याची टिंगल चालू असताना मान खाली घालून वही चाळणारे, नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाच्या रंगावरचा विनोद वाचून पुढे सरकणारे जे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही.

खाते काढून टाकू नकोस. तू गेलास तर त्या टीममध्ये तो एक, हसणारा एक आणि गप्प बसणारा एक एवढेच उरतील, आणि पाचवी जागा भरायला पुन्हा कुणीतरी नवे येईल. त्या मुलीला आणखी एक फ्रेंड रिक्वेस्ट पाठवू नकोस. त्यात तिच्यापेक्षा तुझ्याच समाधानाचा भाग जास्त आहे. मी हीलरला पुढे तीन वेळा लिहिले होते, तेव्हा हे मला अनुभवाने माहीत आहे.

शनिवारी रात्री दहाला मी ऑनलाइन असेन. हल्ली मी हीलर खेळतो आणि बरेचदा उशीर करतो, त्यामुळे तू मरणार आहेस हे गृहीत धर. येताना माइकचे सेटिंग तपासून ये, गेल्या वेळी तुझा आवाज फारच बारीक येत होता.

तुझा,
एक जुना खेळाडू