शिसे, जस्त आणि घरी आणलेले दगड : वाचकांच्या शंका

उदयपूरच्या दक्षिणेस असलेल्या जावर येथील जुन्या खाणी पाहून परतणाऱ्या वाचकांची पत्रे वाढली असून बहुतेकांचा गोंधळ सारखाच आहे. म्हणून निवडक शंकांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

जावरमध्ये भिंतींत रचलेल्या मातीच्या नळ्यांतून शिसे गाळत, असे वाटाड्याने सांगितले. खरे आहे का?

नाही. त्या जस्ताच्या मुशी आहेत. शिसे ३२७ अंशांना वितळून भट्टीच्या तळाशी साचते, त्याला बंद मुशीची गरज नसते. जस्त मात्र ९०७ अंशांना उकळते आणि खनिजातून मोकळे होतानाच वाफ होऊन हवेत जळून जाते. म्हणून वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या लावून ती वाफ खाली थंड भांड्यात उतरवीत. १९८०च्या दशकात बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून केलेल्या कामात एका भट्टीत अशा छत्तीस मुशी लागत असे दिसून आले. शिसे-रुप्याचे काम याच परिसरातले, पण वेगळे.

काळा, जड, काचेसारखा दगड सापडला. तो शिशाचा स्लॅग, म्हणजे धातू गाळल्यावर उरलेला मळ, समजावा का?

नुसते पाहून सांगता येत नाही, कारण लोखंडाचा स्लॅगही तसाच दिसतो. प्रयोगशाळेत एक्स-रे फ्लुरोसन्स चाचणी (क्ष-किरणांनी कोणती मूलद्रव्ये आहेत ते ओळखणारी) करून घ्यावी.

स्लॅगमधून रुपे काढून देतो, असे एक व्यापारी म्हणतो.

त्याला दारातूनच परत पाठवा. गॅलेना या शिशाच्या खनिजातील रुपे गाळताना शिशाबरोबर जाते. पुढे ते शिसे हाडांच्या राखेच्या कुपीत तापवले की शिशाचे मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) होऊन राखेत मुरते आणि रुपे उरते. स्लॅगमध्ये उरतो तो मुख्यतः टाकाऊ भाग, आणि तो घरी वितळवल्यास शिशाचा धूर मात्र नक्की मिळेल. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकतात. विक्रीचा विचार करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याला विचारा.

आणलेले तुकडे मुलांच्या खेळण्यांत होते. धाकट्याची भूक मंदावली आहे. जंत असतील म्हणून सहा महिने थांबलो. शेजारी म्हणतात, इतक्या जुन्या दगडातले विष केव्हाच धुऊन गेले असेल.

शेजाऱ्यांचे हे मत कोणत्या आधारावर आहे, हे त्यांनाच विचारा. शिसे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, विरत नाही. इंग्लंडमधील डर्बीशायरमध्ये शिसे गाळण्याच्या जागांभोवतीच्या कुरणांत जनावरांना विषबाधा होत असे. झांबियातील काब्वे येथील खाण व भट्टी १९९४ मध्ये बंद झाली, तरी तेथील मुलांच्या रक्तात शिसे अजून सापडते. लहान मूल खाल्लेल्या शिशाचा मोठ्यांच्या चार ते पाच पट भाग शोषून घेते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, आणि अंगात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते. मुलांसाठी सुरक्षित अशी पातळी ठाऊक नाही, आणि थोड्या प्रमाणात लक्षणेही दिसत नाहीत. तुमच्या मुलाची भूक शिशानेच गेली असे मी म्हणत नाही. पण सहा महिने थांबणे मला मुळीच पटत नाही. उद्याच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तुकड्यांचा उल्लेख आपणहून करा आणि शिरेतील रक्ताची शिशाची चाचणी मागा. शिसे उतरवणारे काढे-गोळ्या स्वतःहून देऊ नका. तुकडे झाकणाच्या डब्यात बंद ठेवा, फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

खाणीच्या दगडाचा म्हणून विकला जाणारा सुरमा डोळ्यांना चांगला का?

तो बहुधा गॅलेना, म्हणजे शिशाचेच खनिज असते. लावू नका, आधी लावला असेल तर वर सांगितलेली रक्ताची चाचणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या.