डॉक्टर नाही, तरी रुग्णासाठीच

भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असलेली एक विद्यार्थिनी आईसह माझ्याकडे आली होती. वैद्यकीय भौतिकी, म्हणजे कर्करोगावरील किरणोपचारासारख्या उपचारांत भौतिकशास्त्र वापरण्याचे क्षेत्र, तिला खुणावत होते. परंतु रुग्णालयात राहूनही आपण कोणाला बरे करणार नसू, तर या शिक्षणाचा समाजाला उपयोग काय, हा प्रश्न तिला सतावत होता. अशी शंका अनेक विद्यार्थी बोलून दाखवतात. आईला भीती होती ती किरणोत्साराची.

आईच्या शंकेचे निरसन लवकर झाले. किरणोपचाराच्या वेळी कर्मचारी जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे असतात, प्रत्येकाच्या अंगावरील बॅजवरून त्याला मिळालेली किरणोत्साराची मात्रा मोजली जाते आणि पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्टपेक्षा (मिलिसिव्हर्ट हे अशा मात्रेचे एकक) जास्त असू नये, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे.

मुलीला मी 1986 मधील एक घटना सविस्तर सांगितली. अमेरिकेतील टेक्सासमधल्या एका रुग्णालयात थेरॅक-25 या किरणोपचाराच्या संगणकनियंत्रित यंत्रातून दोन रुग्णांना किरणांची प्राणघातक मात्रा मिळाली. पहिल्या अपघातानंतर, असे घडणे शक्यच नाही, असे उत्पादकाने सांगितले होते. दुसऱ्या अपघातानंतर मात्र तेथील भौतिकतज्ज्ञाने यंत्र चालवणाऱ्या महिलेला सोबत घेतले आणि तिने त्या दिवशी पडद्यावर केलेल्या नोंदी पुन्हापुन्हा करून पाहिल्या. नोंदीतली चूक फार वेगाने दुरुस्त केली की बिघाड होतो, हे अखेर त्यांच्या लक्षात आले. डॉक्टर मात्रा ठरवतात. ती ठरलेल्या जागी, ठरलेली तेवढीच पोहोचते की नाही, याची जबाबदारी भौतिकतज्ज्ञाची असते, आणि माझ्या मते हेही रुग्णसेवेचेच काम आहे.

पुष्कळदा दिवसाला 2 ग्रे (ग्रे हे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणमात्रेचे एकक) याप्रमाणे उपचार कित्येक आठवडे चालतो, त्यामुळे यंत्राच्या मोजमापातील छोटी चूकही रोज साचत जाते. म्हणूनच पाण्याच्या टाकीत आयनीकरण कक्ष हे किरण मोजणारे उपकरण बसवून किरणांचे मोजमाप करावे लागते. अशा तपासण्या बहुधा रुग्ण गेल्यावर, संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात आणि उपचार घेणाऱ्याला भौतिकतज्ज्ञाचे नावही ठाऊक नसते. ही बाजू मी तिच्यापासून लपवली नाही, कारण कौतुकाची ओढ असणाऱ्याला येथे टिकणे जड जाते.

निर्णयापूर्वी तिने एखाद्या रेडिओथेरपी, म्हणजे किरणोपचार, विभागात परवानगीने काही दिवस काम पाहावे, असे मी सुचवले. ते पाहून आल्यावर तिने उपयोगाचा विषय काढला नाही. पदवीनंतरचे रुग्णालयातील प्रशिक्षण कसे असते आणि त्यासाठी गणिताची कोणती तयारी हवी, एवढेच तिने विचारले.