वाळलेल्या गाळाची पोती

प्रश्न : आमचा भोसरीत क्रोम प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे; हिशेब मी बघते. सांडपाण्याचा गाळ वाळला की पोत्यांत भरून मागे ठेवतात आणि एक भंगारवाला फुकट उचलून नेतो. ‘वाळल्यावर मातीच ती,’ असं सासरे म्हणतात. एवढ्याशा मालाला घातक कचऱ्याचे नियम लागतात का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : ताई, लागतात. २०१६ च्या नियमांत पहिली अनुसूची आहे ती धंद्यांची. कचरा कोणत्या कामातून निघाला ते तिथे बघतात आणि प्लेटिंग त्यात आहे. यादीत नसलेल्या कचऱ्याचे गुण तपासतात : पेटतो का, कातडी-धातू खातो का, भडकतो का, विष पाझरतं का.

हे पाझरणं मी प्रयोगशाळेत तीस वर्षं बघितलं. गाळाच्या वीसपट आम्लयुक्त पाणी घालून बाटली अठरा तास फिरवायची, मग गाळायची. लिटरमागे ५ मिलिग्रॅम क्रोमियम निघालं की गाळ घातक. एकदा अशीच ‘माती’ आली होती. गाळलेलं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं. डायफेनिलकार्बाझाइडचे, म्हणजे सहा-संयुजी क्रोमियम ओळखणाऱ्या रसायनाचे, चार थेंब टाकले आणि नळी जांभळी झाली. म्हणजे सहा-संयुजी क्रोमियम, क्रोमियमचं कर्करोग करणारं रूप. तो गाळ पावसात उघड्यावर पडला असता तर हेच पाणी जमिनीत उतरलं असतं.

तुमच्या पोत्याला पिवळं पाणी सुटत असेल तर प्रक्रियेतच चूक आहे. आधी सांडपाण्यात आम्ल घालून सामू (pH) तीनच्या खाली आणायचा, मग पिवळ्या क्रोमियमचं हिरवं रूप करणारं बायसल्फाइट, आणि शेवटी गाळ खाली बसवायला चुना. गाळ हिरवट बसला पाहिजे. पण हिरवा गाळसुद्धा यादीतलाच, भंगारात द्यायचा नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घातक कचऱ्याचं अधिकारपत्र घ्या. पोती पक्क्या फरशीवर, छपराखाली, लेबल लावून ठेवा. ९० दिवसांच्या वर नको. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या रांजणगावच्या सामाईक केंद्राचं सभासदत्व घ्या. गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीची नोंदपत्रं, जातं, माल पोचल्याची सही असलेली प्रत फाइलला लावा. ३० जूनपर्यंत वार्षिक विवरणपत्र भरा. हातमोज्यांशिवाय कोणालाही गाळ हाताळू देऊ नका. क्रोमने चिघळलेली बोटं मी पाहिली आहेत.

आणि आजवर गेलेली पोती कुठे रिकामी झाली, ते भंगारवाल्याला विचारा. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर मंडळाला तुम्ही आपणहून कळवा.