अरुण खेत्रपाल पुण्याचे होते का? त्यांच्या घरच्यांचं पुढे काय झालं?

१९७१ च्या भारत-पाक युद्धात परमवीर चक्र मिळवलेले हे रणगाडा दलातले अधिकारी. जन्म पुण्यातलाच, १४ ऑक्टोबर १९५०. पण पुणेकर म्हणता येणार नाही. वडील मदनलाल खेत्रपाल सैन्याच्या इंजिनिअर्स शाखेत अधिकारी, त्यामुळे बदली होईल तिथे बिऱ्हाड. मूळ गाव सरगोधा, फाळणीत ते पाकिस्तानात गेलं. हे गाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घराणंच लढवय्यांचं. पणजोबा शीख फौजेतून चिलियनवालाच्या लढाईत इंग्रजांशी लढले, आजोबा पहिल्या महायुद्धात, वडील दुसऱ्यात. शाळा हिमाचलमधल्या सनावरची. मग १९६७ ला खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), म्हणजे पुणे पुन्हा आलंच. १३ जून १९७१ ला कमिशन मिळालं तेही १७ पूना हॉर्समध्ये. १८१७ साली पुण्यात उभा राहिलेला हा रिसाला, म्हणजे घोडदळ, आता रणगाड्यांची रेजिमेंट. नाव तिथूनच आलं. १९६५ च्या युद्धातले परमवीर कर्नल तारापोर याच रेजिमेंटचे.

मी नगरचा. आमच्याकडे आर्मर्ड कोअरचं, म्हणजे रणगाडा दलाचं केंद्र असल्यामुळे रणगाड्यांचं कुणाला अप्रूप नाही. नव्या अधिकाऱ्यांचा वायओ (यंग ऑफिसर्स) कोर्स इथेच होतो. अरुण तो कोर्स करत असतानाच युद्धाची चाहूल लागली आणि त्यांना परत बोलावणं आलं. वाटेत दिल्लीला घरी थांबले, तेव्हा गोल्फच्या काठ्या सोबत घेतल्या. लाहोरला खेळायचं होतं म्हणे! निघताना आईनं काय सांगितलं ते वाक्य सगळीकडे फिरतं, मी पुन्हा टाकत नाही.

१६ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे, जरपालजवळ, पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटनं हल्ला चढवला. पूना हॉर्सच्या बी स्क्वाड्रननं (तुकडीनं) मदत मागितली आणि ए स्क्वाड्रनमधले अरुण आपले रणगाडे घेऊन धावले. त्यांच्या 'फामागुस्ता' या सेंचुरियन रणगाड्याला आग लागली, तेव्हा मागे येण्याचा हुकूम मिळाला. तोफ अजून चालतेय, रणगाडा सोडणार नाही, असं त्यांनी वायरलेसवर कळवलं. त्यानंतरचा गोळा जीवघेणा ठरला. वय २१, कमिशनला जेमतेम सहा महिने. रणगाड्यातले वायरलेस ऑपरेटर नंद सिंगही गेले. त्यांच्याबद्दल मात्र कधी कुणी विचारलेलं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी युद्धबंदी झाली आणि त्याच दिवशी जम्मूतल्या सांब्याजवळ अंत्यसंस्कारही उरकले. दिल्लीत घरी मात्र पत्ताच नाही. युद्ध संपलं, आता पोरगा येणार म्हणून आईनं त्याची खोली आवरून ठेवली, मोटरसायकलही दुरुस्त करून घेतली, असं धाकटे भाऊ मुकेश यांनी सांगितलं आहे. मग तार आली.

परमवीर चक्र मिळालं. एनडीएच्या परेड ग्राउंडला खेत्रपालांचं नाव आहे. तो रणगाडा दुरुस्त होऊन आमच्या नगरच्या केंद्रात उभा आहे.

आता सरगोधा. ब्रिगेडियर मदनलाल ८१ वर्षांचे झाले तेव्हा जन्मगाव एकदा पाहायचं म्हणून २००१ मध्ये पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची उतरायची सोय झाली ती निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांच्याकडे. त्या घरानं पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही. म्हाताऱ्याला आश्चर्य वाटत राहिलं, इतकं अगत्य कशासाठी? निघायच्या आदल्या रात्री नासेरसाहेबांनी उलगडा केला. बसंतरला आपण १३ लान्सर्सचे मेजर होतो, अरुण आपल्या हातून गेले. दोन्ही रणगाड्यांनी एकमेकांवर गोळे डागले, आपण वाचलो.

म्हणजे बाप इतके दिवस ज्याच्या घरचं अन्न खात होता तो हा माणूस. पण नासेर तेव्हा आपल्या देशासाठी लढत होते, आणि हे त्या म्हाताऱ्या फौजीला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. शिव्याशाप नाहीत, आरडाओरडा नाही. बराच वेळ काय बोलावं हेच त्यांना सुचलं नाही. दोघं झोपायला गेले. सकाळी बरोबर फोटो काढले आणि ब्रिगेडियर दिल्लीला परतले.

लोक ही गोष्ट 'वैर विसरले' अशी सांगतात. मला तसं नाही वाटत. नासेर तीस वर्षांत विसरले असते, तर त्या रात्री बोललेच नसते.