जॅकी चॅन संपला असेल तर 'वन्स अ थीफ' लावा

तुम्ही विचारलंय की चोरीचा बेत, हाणामारी आणि हसू असं तिन्ही असलेला कँटोनीज (हाँगकाँगच्या भाषेतला) चित्रपट कोणता, आणि जॅकी चॅन बघून संपलाय. माझ्याकडे एकच नाव आहे. हाँगकाँगचा दिग्दर्शक जॉन वू याचा 'वन्स अ थीफ', 1991 चा.

वूचं नाव ऐकून बिचकू नका. दोन्ही हातांत पिस्तुलं आणि मित्राच्या प्रेतावर रडणारा मित्र, ही त्याची ओळख खरीच. 1990 मध्ये त्याने 'बुलेट इन द हेड' नावाचा भयंकर काळाकुट्ट चित्रपट काढला आणि तो साफ आपटला. त्यानंतर लगेचच हा आला, चिनी नववर्षाच्या हंगामात, म्हणजे सगळं घर मिळून थेटरात जातं त्या दिवसांत. मूळ कँटोनीज नावाचा अर्थ साधारण 'चारी समुद्र उभे-आडवे पालथे घालणारे'. इंग्रजी नाव त्यापुढे अगदीच मिळमिळीत.

गोष्ट तीन अनाथ पोरांची. एक गुन्हेगार त्यांना वाढवतो आणि चोरी शिकवतो, तर एक पोलीस त्यांना माया लावतो. मोठेपणी तिघं फ्रान्समध्ये चित्रं चोरतात. ही तिघं म्हणजे नट चाऊ युन-फॅट आणि लेस्ली चेउंग, आणि नटी शेरी चुंग. सुरुवातीलाच धावत्या ट्रकमधून चित्र पळवायचा प्रसंग आहे. तो बघताना लक्षात येतं की यांना पैशांपेक्षा चोरीचीच मजा जास्त वाटते. शेरीचं टोपणनाव 'लाल दाणा'. चिनी कवितेत हा दाणा आठवणीची, विरहाची खूण, आणि दोघंही तिच्यावर जीव टाकतात म्हटल्यावर पुढचं तुम्ही ओळखाल.

पण मी हा चित्रपट परत परत लावतो तो एका नाचासाठी. मध्येच एका चोरीत घोटाळा होतो, चाऊ मेला असं सगळे धरून चालतात, आणि तो परत येतो तो व्हीलचेअरवर. मग एका झगमगीत समारंभात तो शेरीबरोबर नाचतो, खुर्चीसकट! खुर्ची गरकन फिरते, शेरी तिच्यासोबत वळते, आणि चाऊच्या चेहऱ्यावर ते बेरकी हसू. ज्या दिग्दर्शकाला आपण गोळ्यांसाठी ओळखतो त्याच्या हाती चाकांची खुर्ची दिली तरी तो तितकीच लय काढतो. त्या खुर्चीबद्दल याहून जास्त सांगत नाही.

खोट सांगायची तर बालपणाचे प्रसंग. पोरांना मारहाण होते ती बघवत नाही, आणि तिथून थेट माकडचेष्टांवर उडी मारली की आपण गडबडतो. शेवटची मारामारी मात्र निव्वळ वेडेपणा आहे. त्यात एक गुंड चक्क पत्ते फेकून मारतो. आधी मला तो पोरकटपणा वाटला होता, आता त्याचीच वाट बघत बसतो.

आवाज कँटोनीजच ठेवा, खाली सबटायटल्स चालतील. मी पहिल्यांदा इंग्रजी डब बघितला तेव्हा चाऊची निम्मी थट्टा वाया गेली. आणि शोधताना वर्ष तपासा, कारण याच नावाचा इंग्रजी टीव्ही चित्रपट वूनेच 1996 मध्ये कॅनडात केलाय. पडद्यावर चाऊ दिसत नसेल तर तुम्ही चुकीचा लावलाय.