माईक राहू दे, आधी कागद

सलाम.

तुमची पोस्ट आज सकाळी शिरोलीच्या बसमध्ये वाचली आणि माझा स्टॉप चुकला. तुम्ही विचारलंय दोनच गोष्टी. स्वतंत्र ख्रिस्ती गायकांचा मराठी पॉडकास्ट सुरू करायचाय, तर दहा हजारांत माईक कुठला आणि होस्टिंग, म्हणजे भाग ठेवायची इंटरनेटवरची जागा, कुठली. पण जाता जाता शेवटी एक ओळ टाकलीय: "गाण्यांची परवानगी तोंडी घेतली आहे, प्रभूचीच गाणी आहेत, कोण हरकत घेणार?" ही ओळ 2021 साली मी बोलले होते. आमच्या चर्चच्या क्वायरमधल्या, म्हणजे गायकवृंदातल्या, सगळ्या बायकांसमोर, हातात चहाचा कप घेऊन. त्या ओळीनं माझे दीड वर्ष खाल्ले, म्हणून लांबलचक लिहितेय. फीड म्हणजे काय, कव्हर केवढं लागतं, भाग कसे चढवायचे हे कुठंही मिळेल, त्यात शिरत नाही.

आणि मी वकील नाही. फाउंड्रीत अकाउंट्स बघते आणि रविवारी चर्चमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाते. कायद्याचं जे सांगेन ते ठेचा खाऊन आणि विचारून शिकलेलं आहे. तुमच्या गाण्याचा मामला वेगळा असू शकतो, तेव्हा विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आमचा कार्यक्रम साधा होता. कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी, गडहिंग्लज इकडचे, कुठल्या कंपनीशी बांधलेले नसलेले गायक आणि बँड. एका भागात एक पाहुणा, दोन-तीन गाणी, मध्ये गप्पा. अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब 1852 मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथं पेटी-तबल्यावर येशूची भजनं चाललीत, आणि आता त्याच घरांतली पोरं गिटार आणि कहोन (हातानं वाजवायचा लाकडी खोका) घेऊन बसतात. दोन्ही एकत्र ऐकवायची एवढीच हौस. नऊ भाग झाले. चौथ्या भागाला ऐकणारे सगळ्यात जास्त, आणि त्यानंच घात केला.

चौथ्या भागात मिरजेकडचे एक काका होते. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा. 1997 मध्ये त्यांची कॅसेट निघाली होती. मी विचारलं, यातली तीन गाणी वाजवू का? काका म्हणाले, "माझंच लेकरू हाय ते, वाजवा बिनघोर." झाली परवानगी! ट्रंकेतून कॅसेट काढून दिली, डांबरगोळ्यांचा वास येत होता. आत घडीचा कागद. वर काकांचा फोटो, मागे निळा पडदा आणि प्लास्टिकची फुलं. आत आठ गाण्यांची नावं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. आणि सगळ्यात खाली, घडीच्या पोटात, मुंगीएवढ्या अक्षरांत: ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क निर्मात्याकडे. हा कागद मी दोनदा हाताळला होता. एकदा तर त्याचा फोटो काढून भागाच्या कव्हरला लावला. त्या फोटोत ती ओळ दिसते. मोठं करून बघितलं तर अगदी नीट वाचता येते.

आता समजून घ्या. एका गाण्याचा सातबारा काढला तर त्यावर तीन नावं निघतात: शब्द ज्याचे तो, चाल ज्याची तो, आणि रेकॉर्डिंग ज्यानं करवून घेतलं तो. गाणारा म्हणजे हे तिघं असं धरून चालू नका. कधी एकच माणूस तिन्ही असतो, तेव्हा नशीब तुमचं. काका पहिली दोन नावं होते. तिसरं नाव कॅसेट काढणाऱ्याचं, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. म्हणजे 1997 ची कॅसेट 2057 संपेपर्यंत.

कॅसेट काढणाऱ्यानं मधल्या काळात दुकान बंद करून सगळा माल दुसऱ्या एका कंपनीला विकला होता. त्यांनी तो स्ट्रीमिंगवर चढवला होता, काकांना पत्ताच नाही. त्या कंपनीची तक्रार होस्टिंगवाल्यांकडे गेली, होस्टिंगवाल्यांनी मेल पाठवला. मेल कुठं गेला? माझ्या भाच्याला. खातं त्यानंच उघडून दिलेलं, त्याच्याच मेलवर, आणि तो पुण्यात नोकरीला लागल्यावर तो मेल उघडायचं बंद झालेला. उत्तराची मुदत उलटली आणि नुसता चौथा भाग नाही, अख्खा कार्यक्रम उडाला. भाच्याला पासवर्डसुद्धा आठवेना. नवं खातं काढलं तर फीड, म्हणजे ॲप जिथून भाग उचलतं तो पत्ता, नवं. श्रोत्यांच्या ॲपमध्ये जुनंच पडलेलं, त्यांना वाटलं आम्ही बंद केलं. खातं हातात असतं तर निदान जुन्या फीडवरून नव्यावर वळवण्याची सोय करता आली असती. म्हणून एक काम आजच करा: कार्यक्रमाच्या नावानं वेगळा मेल काढा आणि पासवर्ड दोघांकडे ठेवा. फीडमध्ये तो मेलचा पत्ता जगाला दिसू शकतो, मग भंगार मेल ढिगानं येतात. तरी रोज उघडायचा.

मग सुरू झालं त्या कंपनीच्या हक्क विभागाचं प्रकरण. नाव घेत नाही, घेऊन काय मिळणार. मी फुकट मागत नव्हते, पैसे द्यायला तयार होते, हे आधी लक्षात घ्या. पहिल्या फोनला उत्तर: अर्ज मेलवर करा. केला. महिन्यानं उत्तर: लेटरहेडवर करा. आम्ही चार बायका आणि एक भाचा, आमचं कसलं लेटरहेड? लक्ष्मीपुरीत जाऊन छापून घेतलं, वर क्रूस आणि माईकचं चित्र, चांगलं दिसत होतं. मग म्हणे संस्था नोंदणीकृत हवी. मग म्हणे तीन गाण्यांचा परवाना आम्ही देत नाही, अख्ख्या कॅटलॉगचं, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्या गाण्यांचं, बोला. मी म्हटलं, अहो बाई, कॅटलॉग घेऊन मी काय लोणचं घालू? तर त्यांनी फोन सरांकडे दिला, आणि सर मीटिंगमध्ये. सात महिने सर मीटिंगमध्ये होते. कुठली मीटिंग सात महिने चालते, हे मला आजही कुणी सांगावं.

शेवटी आमच्या क्वायरमधल्या एका वकिलांनी विचारलं, काकांनी सही कशावर केली होती? तो कागद कुणी बघितलाच नव्हता. कंपनीनं प्रत द्यायला नकार दिला. काकांच्या ट्रंकेच्या तळाशी कार्बन कॉपी निघाली. साधा कागद, रेव्हेन्यू तिकीट, पाच हजार रुपये आणि पन्नास कॅसेटींच्या मोबदल्यात "सदर आठ गाणी" दिली, खाली सही. मुदत किती? लिहिलेलीच नाही. वकिलांनी तिथं बोट ठेवलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क देण्याच्या कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे त्यांच्या मते शब्द आणि चाल कधीच काकांकडे परत आली होती. रेकॉर्डिंग मात्र ज्यानं पैसे घालून केलं त्याचंच.

मग कंपनीच्या नादाला लागायचं कशाला? काकांनी तीच तीन गाणी नव्यानं गायली. रेकॉर्डिंगला माझ्या दिराच्या गाद्यांच्या गोडाऊनमध्ये बसलो, चारी बाजूंनी कापूस, घुमत नाही काही. चर्चमध्ये करू नका, दगडी इमारत, शब्द छताला लागून परत येतो. पहिल्या दिवशी शाहू स्टेडियमला फुटबॉलची फायनल होती हे कुणाच्या ध्यानात नाही. काका डोळे मिटून आळवताहेत आणि बाहेर पेठेची पोरं फटाक्यांच्या माळा लावताहेत. दुसऱ्या दिवशी परत बसलो. 1997 ला काळी दोनमध्ये गायलेलं, आता पांढरी एकवर, म्हणजे सूर खाली आलाय. खरं सांगू, मला हेच जास्त आवडतं.

असो. तुमचं बघू. तुम्ही लिहिलंय तीन गायक तयार आहेत. त्यातले दोन बँडवाले दिसतात, म्हणजे जास्त सांभाळा. बँड फुटतात. चाल ज्यानं लावली तो गिटारवाला आता दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये, जातो आणि यांच्याशी बोलत नाही, हे मी दोनदा बघितलंय. त्याचीही सही घ्या, सोडून गेला असला तरी. दुसरं म्हणजे आजची पोरं बीट, म्हणजे तयार वाजवलेलं संगीत, इंटरनेटवरून विकत घेतात आणि त्यावर गातात. त्या बीटच्या परवान्यात काय लिहिलंय ते मागून बघा, बहुतेकांनी स्वतः वाचलेलं नसतं. तिसरं, गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत (गायकाच्या वतीनं गाणी ॲपवर चढवणारी कंपनी) स्ट्रीमिंगवर चढवलंय का आणि यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा, चालू आहे का, हे विचारा. गायक प्रेमानं हो म्हणतो आणि त्याचाच डिस्ट्रिब्युटर तुमच्या व्हिडिओवर दावा ठोकतो. माणसाचा हात नसतो त्यात, मशीन करतं. गायकानं आधीच सांगून तुमचं चॅनेल वगळून घ्यावं लागतं.

कागद लांब नको. आम्ही एका पानावर करतो, मराठीत. गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला, आणि पॉडकास्टमध्ये वाजवायला संमती. मुदत आणि प्रदेश न विसरता लिहायचा, कारण परवानगीलाही तोच पाच वर्षं आणि भारताचा नियम लागू होतो, असं वकिलांनी सांगितलं. आमचे बरेच श्रोते दुबई-मस्कतला नोकरीला असलेले, म्हणून आम्ही "जगभर" असं ठळक लिहितो. काही गायकांना कागद बघून राग येतो. "ताई, विश्वास नाही का?" मी सांगते, विश्वास आहे म्हणून तर तुमच्या दारात आलेय, आता सही करा.

"देवाच्या गाण्याला कॉपीराइट कसला" हे येतं कुठून, तेही सांगते, कारण ते अगदीच खोटं नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं गायलं वाजवलं तर तो भंग धरत नाहीत, अशी सूट कायद्यात आहे. म्हणून रविवारच्या उपासनेत कुणी अडवत नाही आणि जन्मभर आपल्याला वाटत राहतं की गाणी सगळ्यांचीच. पॉडकास्ट म्हणजे उपासना नव्हे, तुम्ही सुरुवातीला प्रार्थना केली तरी नव्हे. तीस सेकंद वाजवलं तर चालतं हेही खुळ्यागत पसरलेलं आहे, कायद्यात असा तीस सेकंदांचा आकडा नाही. मला एकानं सुचवलं होतं की रेडिओसारखी ठरलेली फी भरून टाका. रेडिओला तशी कायदेशीर सोय आहे, पण ती इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्ये म्हटलंय.

जुन्या गीतांचं बरं असतं. टिळकांचं बघा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक 1919 मध्ये गेले, 60 वर्षं कधीच उलटली, शब्द मोकळे आहेत. पण त्यावर तुमच्या बँडनं लावलेली नवी चाल मोकळी नाही, आणि परवा कुणी केलेलं रेकॉर्डिंग तर नाहीच. इंग्रजी गीतांच्या भाषांतराचीही तीच गत. मूळ दोनशे वर्षं जुनं असलं तरी भाषांतर करणारा कोण आणि कधी वारला हे बघायचं.

एक आगाऊ सल्ला, पटला नाही तर सोडा. भागात प्रवचन घालू नका. प्रवचनं खूप आहेत. गाणं कसं सुचलं, पहिल्यांदा कुठं गायलं, कोण रडलं, कोण उठून गेलं, हे विचारा. आणि पाळकसाहेबांना पहिला भाग बाहेर पडायच्या आधी ऐकवा, नंतर नको. एका मंडळीचा बँड घेतला की दुसरीकडून फोन येतो, त्याला माझ्याकडे औषध नाही.

आता तुमचा प्रश्न. माईक: दहा हजार घालू नका. दोन-तीन हजारांचा साधा डायनॅमिक माईक घ्या, बाकीचे गाद्या आणण्याच्या टेम्पोला ठेवा. बोलणं आणि गाणं यांचा आवाज सारखा येतो का ते रिक्षात बसून फोनवर ऐका. आमच्या पहिल्या भागात मी कुजबुजत होते आणि खंजिरी वाजली की लोक इअरफोन उपटून काढायचे. आता सगळं उणे 16 लफ्सवर (आवाजाची मोठाई मोजायचं माप) आणते, ॲपलवाले तेच सुचवतात. आणि जून ते सप्टेंबर पत्र्याखाली रेकॉर्डिंगला बसू नका. होस्टिंग कुठलंही घ्या, पण खातं भाच्याच्या नावावर नको.

आमच्या कागदाचा नमुना हवा असेल तर निरोप टाका, पाठवते. वकिलांनी तपासलाय, पण माझ्यासाठी तपासलाय, तुमच्यासाठी नाही.